शुभेच्छा, मुबारक की अभिवादन? सोलापुरात कोणत्या दिवशी काय म्हणावं

दरवर्षी १२ जानेवारीला सकाळी सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३१ साली याच तारखेला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. आणि दरवर्षी त्याच सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर मेसेज येतो, 'हुतात्मा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. पाठवणाऱ्याच्या मनात आदरच असतो, त्याबद्दल शंका नाही. पण फाशीच्या दिवसाच्या शुभेच्छा कशा देणार? त्या दिवशी अभिवादन करतात.

त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा असते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज घेऊन निघतात, रस्ताभर 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' असा गजर चालतो. यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नसोहळ्यात संमती कट्ट्यावर 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' ऐकलं की हजारो हातांतून अक्षता पडतात. तिथे कुणी कुणाला शुभेच्छा देत बसत नाही. हर्र बोलायचं आणि अक्षता टाकायच्या, हेच एकमेकांना भेटणं. आणि तोंडावर संक्रांत, म्हणजे घरोघरी तिळगूळ. एकाच आठवड्यात एकाच गावात तीन वेगळ्या दिवसांना तीन वेगळे उच्चार लागतात. सोलापूरकराला हे लहानपणापासून माहीत असतं, पण मोबाइल हातात आला की आपण सगळ्यांना एकच वाक्य चिकटवतो.

म्हणून आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. कॅलेंडरवर लाल रंगात छापलेला प्रत्येक दिवस आनंदाचा नसतो. काही दिवस सणाचे, काही उपवासाचे आणि प्रार्थनेचे, तर काही शोकाचे किंवा स्मरणाचे असतात. शुभेच्छा द्यायच्या त्या दिवसाला नाही, माणसाला. त्यामुळे त्या माणसाच्या घरात आज काय चाललंय, हे कळलं की निम्मं काम झालं. चूल पेटलीय की उपवास आहे, नवे कपडे घातलेत की पांढरे, दारात रांगोळी आहे की घर शांत आहे. हे कळलं की शब्द आपोआप सुचतात.

आनंदाच्या दिवसांपासून सुरुवात करू, कारण तिथे सोलापूर फार श्रीमंत आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला सकाळी पूर्व भागातून चक्कर मारून बघा. अशोक चौक, दाजी पेठ, साखर पेठ या भागात पद्मशाली समाज मोठा. विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेली ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथली झाली. एका दारात गुढी उभी असते, साखरेच्या गाठी लटकलेल्या. शेजारच्या घरात तेलुगू आजी चिंचेच्या कोळात गूळ कालवत असते. मग त्यात कैरीचे बारीक तुकडे, कडुलिंबाची फुलं, मीठ आणि तिखट. ही उगादी पच्चडी. आंबट, गोड, तुरट, कडू, खारट, तिखट असं सगळं वर्षात यायचंय, ते पहिल्या दिवशीच वाटीतून चाखायचं. पलीकडे कन्नड बोलणाऱ्या घरात कडुलिंब आणि गूळ, म्हणजे बेवु-बेल्ल. दिवस एकच, तिन्ही घरांत नवीन वर्ष.

अशा वेळी तेलुगू शेजाऱ्याला 'गुढीपाडव्याच्या शुभेच्छा' म्हटलं तर तो रागावणार नाही, तो मराठी तुमच्याइतकंच बोलतो. पण 'उगादी शुभाकांक्षलु, अन्ना' म्हणून बघा. कन्नड घरात 'युगादी हब्बद शुभाशयगळु'. उच्चार थोडा चुकला तरी चालतो, समोरचा हसून दुरुस्त करतो आणि त्या निमित्ताने दोन मिनिटं जास्त बोलणं होतं. 'अन्ना', 'अक्का' हे शब्द इथे शुभेच्छेइतकेच महत्त्वाचे. आजीला नुसतं 'हॅपी उगादी' म्हणण्यापेक्षा अक्का किंवा अव्वा म्हणून वाकून नमस्कार केला तर ती पच्चडीची वाटी आधी तुमच्याच हातात देईल.

दसऱ्याचंही तसंच. आपण आपट्याची पानं देतो आणि 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणतो. तेलंगणातल्या माणसाचं सोनं शमीचं, त्याला ते जम्मी म्हणतात. उत्तर कर्नाटकात शमीला बन्नी म्हणतात आणि देताना म्हणतात, 'बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण', म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू. झाड वेगळं, भाषा वेगळी, मागणं तेच. संक्रांतीला मराठीत 'तिळगूळ घ्या, गोड बोला', तर कन्नडमध्ये 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि', तीळगूळ खाऊन चांगलं बोला. ही वाक्यं पाठ करायला फार वेळ लागत नाही. मला विचाराल तर सोलापूरच्या शाळांमधून प्रत्येक मुलाला ती शिकवावीत.

दसऱ्याच्या आधीचे नऊ दिवस तेलुगू बायकांची बतुकम्मा असते. ताटात तंगेडु, गुनुगु, झेंडू अशी फुलं थरावर थर रचून उंच निमुळती बतुकम्मा करतात आणि तिच्याभोवती फेर धरून गातात. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो'. भाद्रपद अमावास्येला सुरुवात, अष्टमीला शेवटची मोठी बतुकम्मा आणि मग पाण्यात विसर्जन. मराठी बायकांचा हादगा-भोंडलाही याच दिवसांत. 'बतुकम्मा शुभाकांक्षलु' म्हणाच, पण खरी शुभेच्छा म्हणजे फेरात जाऊन दोन टाळ्या वाजवणं. बोलावणं येतं, नाही म्हणू नका.

आता थोडं पंचांग समजून घेऊ, कारण शुभेच्छांचा निम्मा गोंधळ तारखांमुळे होतो. 'गेल्या वर्षी ईद एप्रिलमध्ये होती, यंदा मार्चमध्ये कशी?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी दहा-अकरा दिवसांची तूट पडते. हिंदू पंचांग ही तूट साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढतं, म्हणून दिवाळी पावसाळ्यात सरकत नाही. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही. तिथे वर्ष ३५४ दिवसांचंच राहतं आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. म्हणून रमजान कधी ऐन उन्हाळ्यात असतो, कधी थंडीत.

यातून एक सुंदर गोष्ट घडते. दोन्ही पंचांगांतले महिने अमावास्येच्या आसपास सुरू होतात. इस्लामी महिना चंद्रकोर दिसली की सुरू, म्हणजे आपल्या शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या सुमाराला. त्यामुळे त्यांची दहा तारीख आणि आपली एकादशी-द्वादशी बहुतेक वेळा एकत्र येतात. रमजान ईद ही शव्वाल महिन्याची पहिली तारीख. २०२२ मध्ये ३ मेला आणि २०२३ मध्ये २२ एप्रिलला ती नेमकी अक्षय तृतीयेला आली, म्हणजे बसव जयंतीच्याच दिवशी. सोलापुरात त्या दिवशी एका गल्लीत शीरखुर्मा आणि दुसऱ्या गल्लीत बसवेश्वरांची मिरवणूक. पुढे २०२३ च्या पावसाळ्यात अधिक श्रावण आला आणि जोडी बदलली. २०२४ मध्ये ९ एप्रिलला पाडवा आणि ११ ला ईद, तर २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद.

बकरी ईद इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या दहा तारखेला. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला ती आषाढी एकादशीच्याच दिवशी आली. २०२३ ला पंढरपूरच्या मुस्लिम समाजाने वारकऱ्यांचा उपवासाचा दिवस म्हणून त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. कुर्बानी ईदच्या तीन दिवसांत कधीही करता येते, त्यामुळे धर्माला धक्का न लावता हे करता आलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी जुलूस पुढे ढकलला गेला आणि सरकारने २९ ला सुट्टी दिली. माझ्या मते शेजाऱ्याला याहून मोठी शुभेच्छा दुसरी नाही. त्याचा दिवस आपल्याला माहीत आहे, एवढंच त्यातून त्याला कळतं, आणि ते पुरेसं असतं.

चंद्रावर ईद ठरते म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की कळत नाही. म्हणून दोन दिवस आधी ईदच्या शुभेच्छा पाठवू नका. चंद्र दिसल्याची बातमी आली की 'चाँद मुबारक' म्हणतात. त्या रात्री विजापूर वेशीत बाजार उशिरापर्यंत जागा असतो, बांगड्या, शेवया, अत्तर, लहान मुलांचे कुर्ते. सकाळी नमाज झाली की 'ईद मुबारक', गळाभेट आणि शीरखुर्मा. उत्तरात 'खैर मुबारक' ऐकू येईल. बोहरा समाज मात्र हिशोबाचं ठरलेलं पंचांग पाळतो, चंद्र बघण्यावर त्यांची ईद अवलंबून नसते. त्यामुळे ती एक-दोन दिवस आधी येते. बोहरा मित्राला इतरांबरोबर शुभेच्छा दिल्या तर तो नम्रपणे घेईल, पण त्याची ईद परवाच होऊन गेलेली असते.

रमजान लागला की 'रमजान मुबारक' म्हणायला हरकत नाही. महिनाभराच्या रोजाचा तो आनंदाने केलेला आरंभ असतो. रोजा असलेल्या माणसाला दुपारी 'चहा तरी घ्या' म्हणून आग्रह करू नका. ऑफिसात डबा उघडायचा असला तर उघडा, तो काही म्हणणार नाही. इफ्तारच्या वेळी खजुराची पाकिटं घेऊन गेलात तर दोन्ही घरांना बरं वाटतं.

मोहरमच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. इस्लामी वर्षाचा हा पहिला महिना, म्हणून काही जण 'मोहरमच्या शुभेच्छा' किंवा 'हॅपी मोहरम' पाठवतात. पण मोहरमच्या दहा तारखेला करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले, हिजरी ६१ साली, म्हणजे इ.स. ६८०. शिया घरांसाठी हे शोकाचे दिवस असतात. सुन्नी घरांत अनेक जण नऊ आणि दहा तारखेला रोजा ठेवतात. आपल्या भागात पंजे बसतात, सवाऱ्या निघतात, रस्त्यावर सरबत वाटतात आणि त्यात हिंदू घरांचे नवसही असतात. वातावरण गर्दीचं असतं, पण कारण शहादतीचं आहे. काय म्हणावं? काही म्हणायलाच हवं असं नाही. सरबत हातात घ्या, पंजांना हात जोडा. लिहायचंच असेल तर 'इमाम हुसेन यांना अभिवादन'.

गुड फ्रायडेचंही असंच. नावात 'गुड' आहे म्हणून लोक 'हॅपी गुड फ्रायडे' लिहितात. तो येशूला वधस्तंभावर खिळल्याचा दिवस. दुपारी चर्चमध्ये लांब उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात, गाणीही दुःखाची. त्या दिवशी 'प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढंच म्हणा. दोन दिवसांनी रविवारी ईस्टर, तेव्हा मनापासून शुभेच्छा द्या. मराठी ख्रिस्ती घरांत त्या सकाळी 'प्रभू उठला आहे' असं म्हणतात आणि उत्तर येतं, 'खरोखर उठला आहे'. तुम्ही ख्रिस्ती नसलात तर 'ईस्टरच्या शुभेच्छा' अगदी पुरे. नाताळात फारसा प्रश्न नाही. केक आणि करंज्या घरी येतात, डबा रिकामा परत करायचा नसतो.

बौद्ध समाजाच्या बाबतीत थोडं समजून बोलायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्माची दीक्षा घेतली, तो विजयादशमीचा दिवस होता. आपण त्या दिवशी सोनं वाटत असतो, त्यांच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. 'दसऱ्याच्या शुभेच्छा'ऐवजी 'धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगलकामना' म्हणा. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा, ज्यांत हिंदू देवांची पूजा न करण्याचा निश्चय आहे, त्या मनापासून पाळणाऱ्या घरात गणपतीचे, लक्ष्मीपूजनाचे फोटो पाठवू नयेत, तो त्यांच्या निर्णयाचा आदर आहे. १४ एप्रिल आनंदाचा, तेव्हा 'जय भीम' आणि भरभरून शुभेच्छा. वैशाख पौर्णिमेला 'नमो बुद्धाय'. ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, त्या दिवशी फक्त अभिवादन. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर उलटे करणारे मेसेज दरवर्षी येतात. वाचणाऱ्याला ते टोचतात आणि ओळख जुनी असली की जास्तच टोचतात.

जैन समाज सोलापुरात जुना, उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म इथलाच, १८८२ चा. इथे दिगंबर घरं बरीच. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं, शेवटी संवत्सरी. त्या दिवशी हात जोडून म्हणतात 'मिच्छामि दुक्कडम्', म्हणजे माझ्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर क्षमा असावी. दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवसांचं, त्यानंतर क्षमावाणी, आणि तिथे म्हणतात 'उत्तम क्षमा'. दोघांनाही एकच मेसेज पाठवला तर अर्थ पोचतो, पण आपल्या मित्राचं पर्व कोणतं हे माहीत असणं निराळंच. आणि हे शुभेच्छेचं वाक्य नाही, माफीचं आहे. त्याला 'तुम्हालाही हार्दिक शुभेच्छा' असं उत्तर देऊ नका. 'मीही क्षमा मागतो' म्हणा. वर्षभर बोलणं बंद असलेली माणसं या दिवशी फोन उचलतात, त्यामुळे मला हा दिवस सगळ्यांत जवळचा वाटतो. एरवी भेटलात तर 'जय जिनेंद्र' आहेच.

लिंगायत घरांत 'शरणु शरणार्थी'. बसव जयंतीला हे म्हटलं की वेगळी शुभेच्छा लागत नाही. गुजराती माणसाला दिवाळीनंतरच्या पाडव्याला 'साल मुबारक', सिंधी शेजाऱ्याला चैत्र शुद्ध द्वितीयेला 'चेटीचंड जूं लख लख वाधायूं', शीख मित्राला कार्तिक पौर्णिमेला 'गुरुपुरब दी लख लख वधाई'. वारकऱ्याला आषाढीला काय म्हणायचं हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, 'राम कृष्ण हरी, माऊली'.

सगळ्यात मोठी चूक मात्र शब्दांची नसते, आडनावावरून धर्म ठरवण्याची असते. पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, मुस्लिमही असतो. तेलुगू आडनावाच्या घरात मराठीच बोलली जाते आणि गुढी उभारली जाते, असंही असतं. एकाच घरात दोन धर्म नांदतात. शंका असली तर सरळ विचारावं, 'तुमच्याकडे आज काय असतं?' हा प्रश्न कुणालाही आवडतो. लोक मग पंधरा मिनिटं सांगत बसतात, पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागत नाही.

शुभेच्छेबरोबर खाण्याचा डबाही जातो, तिथेही जरा बघावं. दशलक्षण पर्वात जैन घरात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि अनेक जण सूर्यास्तानंतर खात नाहीत, म्हणून डबा संध्याकाळच्या आत पोचवा. नाताळचा केक शाकाहारी घरात देताना अंड्याचा आहे की बिनअंड्याचा हे आपणहून सांगा, त्यांना विचारायला संकोच वाटतो. देवाचा प्रसाद सगळ्यांनीच घ्यावा असा आग्रह नको. कुणी नम्रपणे नाही म्हटलं तर त्याला साध्या लाडवांचा वेगळा डबा द्या, नातं तिथेच टिकतं.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे, तिथे सण नसतो. दिवाळीला आकाशकंदील लागत नाही, ईदला नवे कपडे शिवत नाहीत. अशा घराला रांगोळीचा चमकता फोटो पाठवू नये. फोन करावा किंवा जाऊन यावं. 'हा पहिलाच सण, तुमची आठवण आली' एवढं म्हटलं तरी पुष्कळ. आपल्याकडे शेजारच्या बायका अशा घरी जेवण घेऊन जातात, तीही त्या दिवसाची शुभेच्छाच.

मेसेज लिहायचाच असेल तर फॉरवर्ड केलेला फोटो नको. तीन ओळी पुरतात. 'चाचा, ईद मुबारक. तुमच्याकडचा शीरखुर्मा गेल्या वर्षीपासून डोक्यात आहे. संध्याकाळी पोरांना घेऊन येतो.' यात चाचांचं नातं आहे, त्यांच्या घरातली एक वस्तू आहे आणि जाण्याचा बेत आहे. हेच तीन धागे धरून उगादीला अक्कांना आणि ईस्टरला ख्रिस्ती मित्राला लिहिता येतं.

राहून गेलं तर? घाबरू नका. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. ईदच्या दुसऱ्या दिवसाला बासी ईद म्हणतात आणि भेटीगाठी पुढे कित्येक दिवस चालतात. नाताळचा काळ ६ जानेवारीपर्यंत मानतात. दिवाळीचा फराळ संपला असला तरी चहा असतोच. क्षमा तर कुठल्याही दिवशी मागता येते. फक्त मोहरम, गुड फ्रायडे, ६ डिसेंबर आणि १२ जानेवारी हे चार दिवस उशिरा नाही, वेळेवर आठवायचे. ते मोबाइलमध्ये आत्ताच नोंदवून ठेवा आणि पुढे कंसात लिहा, 'शुभेच्छा नाहीत'.